डाय घेण्याआधी

डेन्व्हर, कोलोरॅडो

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. .३०८ विंचेस्टर रायफलची काडतुसं घरी पुन्हा भरण्यासाठी कोणत्या डाय, म्हणजे प्रेसमध्ये बसवायचे साचे, घ्यायच्या, ते तू फोनवर विचारलंस. पण आकडे आले की बोलण्यात गोंधळ होतो, म्हणून लिहून पाठवतोय.

माझं स्पष्ट मत आहे, साधा फुल-लेंग्थ (सबंध पुंगळी आवळणारा) सेट घे. एक सायझिंगची डाय, म्हणजे वापरलेली पुंगळी पुन्हा मापात आणणारी, आणि एक सीटिंगची, म्हणजे तिच्यात बुलेट बसवणारी. ‘नेक सायझिंगने पुंगळी जास्त टिकते’ असं रेंजवर तुला कोणीही सांगेल. त्यात तथ्य आहे. बार उडाला की पितळ फुगून चेंबरच्या (नळीतली काडतूस बसायची जागा) भिंतीला टेकतं आणि तुझ्याच रायफलच्या मापाचं होतं. नेक डाय फक्त मान आवळते, बाकी अंगाला हात लावत नाही. पण तीच पुंगळी पुन्हापुन्हा वापरली की अंग आणि खांदा घट्ट होत जातात आणि बोल्ट (चेंबर बंद करणारा दांडा) जोर लावून बंद करावा लागतो. तुला शिकारीला जायचंय. हरीण समोर असताना बोल्ट अडलेला चालणार नाही. अचूकतेच्या स्पर्धा खेळणारे कितीतरी लोकही आता फुल-लेंग्थच करतात.

खरा प्रश्न पुढे येतो, की डाय किती खाली बसवायची? सूचनापत्रात बहुतेकदा लिहिलेलं असतं, शेल होल्डरला (प्रेसमध्ये पुंगळीचं बूड धरणारा भाग) टेकव आणि नंतर आणखी थोडी खाली फिरव. तसं केलं की बऱ्याच रायफलींत खांदा गरजेपेक्षा जास्त मागे जातो. मग प्रत्येक बाराला पितळ बुडाजवळ ताणलं जातं, तिथे आतून पातळ कडं तयार होतं आणि एके दिवशी पुंगळी चेंबरमध्येच तुटते. म्हणून महागड्या डायऐवजी कॅलिपर आणि हेडस्पेस कंपॅरेटरवर (बूड ते खांदा माप घ्यायचं साधन) पैसे घाल. उडवलेल्या पुंगळीचा प्रायमर (बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) काढ, बूड ते खांदा माप घे आणि ते साधारण ०.००२ इंचाने कमी होईल एवढीच डाय खाली आण. बोल्ट-ॲक्शनला तेवढं पुरतं, सेमी-ऑटोला ०.००३ ते ०.००५ लागतं. या मापाबद्दल मी हट्टी आहे, आणि तूही हट्टी राहा.

कंपनीची फार चिंता नको. डायचा आटा ७/८-१४ (७/८ इंच व्यास, इंचाला १४ आटे) हा प्रमाण ठरलेला आहे, त्यामुळे ली कंपनीची डाय आरसीबीएस कंपनीच्या प्रेसवरही बसते. लीचा सेट स्वस्त असतो, बहुधा शेल होल्डरही सोबत येतो, आणि काम चोख करतो. आरसीबीएसची गोष्ट मला फार आवडते. फ्रेड हंटिंग्टनने १९४३ साली कॅलिफोर्नियातल्या ऑरोव्हिलमध्ये ती सुरू केली, तीही ‘रॉक चक’ नावाच्या प्राण्याच्या शिकारीसाठी बुलेट घडवायच्या डायपासून. नावातले आर आणि सी तिथलेच.

रेडिंग कंपनीच्या बुशिंग डायचा (मान आवळणारं कडं बदलता येतं अशी डाय) मोह होईल. त्यात मानेचा आवळ स्वतः निवडता येतो: भरलेल्या काडतुसाची मान ०.३३६ इंच असेल तर ०.३३४ चं बुशिंग. पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या पुंगळ्यांची जाडी वेगळी असते. एकाच लॉटचं पितळ हातात येईपर्यंत थांब. सीटिंग डाय मात्र मायक्रोमीटरवाली घेतलीस तर पैसे वाया जाणार नाहीत. बुलेट बदलली की जुन्या आकड्यावर परत येता येतं. क्रिंप, म्हणजे पुंगळीचं तोंड बुलेटवर आवळणं, तुला नकोच.

आणि वंगण! पिस्तुलाच्या सरळ पुंगळीला कार्बाइड (अतिशय कठीण पदार्थाच्या) डायमध्ये ते लागत नाही, रायफलच्या खांदेदार पुंगळीला लागतंच, डाय कार्बाइडची असली तरी. मानेच्या आतही थोडं लाव, नाहीतर एक्सपांडरचा (मानेला आतून माप देणारा) गोळा बाहेर येताना मान वाकडी ओढतो.

पावडरचं वजन मात्र छापील मॅन्युअलमधूनच घे, खालच्या आकड्यापासून सुरू कर. त्याबाबतीत माझंही ऐकू नकोस.

उडवलेल्या चार-पाच पुंगळ्यांची खांद्यापर्यंतची मापं घेऊन पाठव. ती एकमेकांशी जुळली तर डाय कुठे लॉक करायची ते लगेच ठरवू.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
नंदू