‘कसं काढलंस?’ विचारायला लावणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठेही लिहायचं नाही अशी तुमची तंबी आहे, म्हणून नुसतं मॅडम. आमच्या केंद्रातल्या कुठल्याही शाळेत ‘गणिताच्या मॅडम’ म्हटलं की कोण ते सांगावं लागत नाही. यंदा तुमचं समायोजन दुसऱ्या तालुक्यात झालं आणि कुणाला पत्ताही लागला नाही. शाल नाही, नारळ नाही, ग्रुपवर चार हात जोडलेली चित्रं तेवढी आली. कंत्राटी माणसाचा निरोपसमारंभ कोण करतो? म्हणून हे पत्र, आणि तेही उघड.

शिक्षण खात्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. समग्र शिक्षा योजनेत प्रत्येक तालुक्याच्या गट साधन केंद्रात विषयाचे साधनव्यक्ती असतात. शाळांत जायचं, शिक्षकाला त्याच्या विषयात मदत करायची, मागे पडलेल्या मुलांसाठी काय करता येईल ते त्याच्यासोबत बसून ठरवायचं, हे त्यांचं काम. कागदावर तरी. एरवी त्यांच्या वाट्याला येतात लिंका, एक्सेलचे तक्ते आणि ‘आज पाच वाजेपर्यंत माहिती पाठवा’चे निरोप. शाळेला भेट दिल्याची नोंद करायची, फोटो टाकायचा, की पुढची शाळा. यात त्या माणसांचा दोष नाही. ज्याला गणित शिकवायला नेमलं त्याच्याकडून माहिती गोळा करून घ्यायची, हा उफराटा कारभार वरूनच येतो.

त्यामुळे तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा सवयीप्रमाणे मी शाळेच्या नोंदींचं दप्तर टेबलावर मांडून ठेवलं होतं. तुम्ही ते उघडलंच नाहीत. चपला काढल्यात आणि सरळ चौथीच्या बसकरावर जाऊन बसलात. आमची शाळा बालाघाटच्या डोंगरावरची, दोन शिक्षकी. तिसरी-चौथी माझ्याकडे. दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यांवर जातं, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी पार कर्नाटकात. आजी-आजोबांपाशी राहणारी मुलं हंगामी वसतिगृहाच्या आधाराने शाळेत टिकतात, बाकीची आई-बापाबरोबर कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्यांवर. पाडव्याच्या आगेमागे ती परत येतात तेव्हा वर्ग भागाकारात असतो आणि ही मुलं दशक-एककात अडकलेली.

तुम्ही ज्याच्याशेजारी बसलात तो असाच नुकता परतलेला. पाटीवर ५२ वजा २७, उत्तर ३५. असं उत्तर दिसलं की बहुतेक वर्गांत काय होतं ते सगळ्या शिक्षकांना ठाऊक आहे: फुली, आणि ‘पुन्हा कर’. तुम्ही त्याला एवढंच विचारलंत, “कसं काढलंस रे?” आवाजात परीक्षा नव्हती, खरंच उत्सुकता होती, म्हणून तो बोलला. “सातातून दोन गेले पाच. पाचातून दोन गेले तीन.”

मग तुम्ही माझ्याकडून कागद मागून घेतलात, त्यावर काहीतरी लिहून घडी घातलीत आणि ती माझ्या हातात ठेवलीत. त्याला तीन उदाहरणं दिलीत: ७३ वजा ४८, ६० वजा २४ आणि ३०५ वजा १२७. त्याची उत्तरं आली ३५, ४४ आणि २२२. मी घडी उघडली. आत तेच तीन आकडे, त्याच क्रमाने. तुम्ही हळूच म्हणालात, “पोरगं हुशार आहे. नियमाने चालतंय. नियम तेवढा त्याने स्वतःचा बनवलाय.” वर कुठला, खाली कुठला हे न बघता मोठ्या अंकातून लहान वजा करायचा, हा त्याचा नियम. आपणच पहिलीत सांगतो की लहानातून मोठं जात नाही. त्याने ते मनावर घेतलं होतं.

त्यानंतरचा अर्धा तास मला अजून शब्दश: आठवतो. तुम्ही त्याला कोपीवरच्या दुकानाचं विचारलंत. पन्नासची नोट दिली, सत्तावीसचा माल घेतला, परत किती? पापणी लवायच्या आत उत्तर, “तेवीस.” कसे? “तीन दिले की तीस. वर वीस.” म्हणजे डोक्यात वजाबाकी पक्की, आणि पाटीवर आली की मोडायची. तुम्ही फळ्यावर एक आडवी रेघ मारलीत, आकडे न घातलेली. डाव्या टोकाला २७, उजव्या टोकाला ५२, आणि त्याला म्हणालात, दुकानात चालतोस तसा चाल. सत्तावीसवरून तीनची उडी तिसावर, वीसची उडी पन्नासावर, दोनची उडी बावन्नावर. तीन, वीस, दोन. पंचवीस! ते उत्तर त्याने तुम्हाला सांगितलं नाही, शेजारच्याला सांगितलं, कोपराने ढोसून.

दशक सुटा करणं तुम्ही त्या दिवशी शिकवलंच नाही. ते पुढच्या भेटीत, खेळातल्या नोटांनी. दहाच्या पाच नोटा आणि दोन रुपये. सात रुपये द्यायचेत, सुट्टे नाहीत, काय करशील? “एक नोट मोडीन.” मग पाटीवर पाचचे चार होतात आणि दोनचे बारा, यात त्याला नवल काहीच वाटलं नाही. गणित पेटी आमच्याही शाळेत होती. दांडे, मणी, नोटा सगळं मोजून, नोंदवहीत चढवून, हरवू नये म्हणून कपाटात. पुष्कळ शाळांतल्या पेट्या अशाच सुखरूप आहेत.

जाताना तुम्ही ब्राझीलच्या रेसिफे शहरातलं, १९८५ साली प्रसिद्ध झालेलं संशोधन सांगितलंत. रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या मुलांना गिऱ्हाईक होऊन हिशेब विचारले तेव्हा जवळपास सगळे बरोबर आले. तीच आकडेमोड कागदावर उदाहरणं म्हणून मांडली तेव्हा निम्मीसुद्धा बरोबर आली नाही. मुलं मोजकीच होती, पण आपल्या उसाच्या फडावरच्या लेकरांना ते किती लागू पडतं! आगाऊ उचल किती घेतली, किती फिटली, टोळी नेणाऱ्या मुकादमाकडे किती राहिली, या बोलण्यात वाढलेली ही पोरं. त्यांना हिशेब येत नाही असं म्हणायला माझी जीभ आता रेटत नाही.

तुमचं दुसरं देणं संख्यावाचनाचं. ‘त्रेपन्न’ म्हटलं की तिसरीतली चार-पाच मुलं दरवर्षी ३५ लिहितात, ‘सदतीस’ म्हटलं की ७३. कानाला आधी एकक ऐकू येतो, हात तोच आधी लिहितो. ‘एकोणसाठ’ म्हटलं की ६१ हमखास. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात त्रेपन्नच्या जोडीने ‘पन्नास तीन’ असंही वाचन आलं तेव्हा केवढा धुरळा उडाला होता! टीव्हीवर चर्चा, विधिमंडळात टोमणे, मोबाइलवर विनोद. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर सांगत राहिल्या की जुनी नावं काढलेली नाहीत, सोबत सोपी वाट दिलीय. ऐकून कोण घेतो? तुम्ही त्या वादावर एक अक्षर बोलला नाहीत. ३५ लिहिणाऱ्या मुलीला तुम्ही पन्नासचं कार्ड दिलंत, त्याच्या शून्यावर तीनचं कार्ड ठेवायला लावलंत आणि “पन्नास तीन, त्रेपन्न” असं दोन्ही म्हणवून घेतलंत. दुसऱ्या आठवड्यात ‘पन्नास तीन’ आपोआप गळून पडलं. विनोद करणाऱ्यांनी असा एक वर्ग बघायला हवा होता.

पाढ्यांच्या बाबतीत मात्र मी तुमचं ऐकलेलं नाही आणि ऐकणारही नाही. आधी गट, मग उड्या, मग पाढा, हा तुमचा क्रम मी वर्गात पाळते. पण परिपाठानंतर पाढे मोठ्याने होणारच. तालात म्हटलेला बाराचा पाढा जन्मभर साथ देतो. तुम्ही यावर हसायचात, वाद घालायचा नाहीत, आणि एकदा तर स्वतःच तेराच्या पाढ्याला मुलांमध्ये उभ्या राहिलात आणि तेर सातेला अडखळलात. पोरांनी तुम्हाला सांगितलं, एक्क्याण्णव.

खरे आभार ज्याचे मानायचेत ते यापुढचं. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि मूलभूत गणित आलं पाहिजे, मुदत २०२६-२७. उद्दिष्ट चांगलंच आहे. पण उद्दिष्ट आलं की पडताळणी येते, आणि पडताळणी आली की टक्का बरा दिसावा असं सगळ्यांनाच वाटू लागतं. आमच्या वर्गाची माहिती भरताना परतलेल्या मुलांचं काय करायचं हा प्रश्न होता. तुम्ही म्हणालात, आहे तसं भरा, बोलणी मी खाते. खाल्लीतही. ती कुणाची, हे इथे लिहिण्यात अर्थ नाही. त्याच खऱ्या आकड्यांमुळे आपल्याला उन्हाळ्यात त्या मुलांचे वेगळे गट करता आले. वयाप्रमाणे किंवा इयत्तेप्रमाणे नाही, कोण कुठे अडलंय त्याप्रमाणे: संख्या वाचणारे, हातच्याच्या वजाबाकीचे, भागाकाराचे. तिसरीतली एक मुलगी भागाकाराच्या गटात बसायची आणि तिचा चौथीतला भाऊ वजाबाकीच्या. आठ दिवस तो तोंड फुगवून होता. मग बहिणीला गाठायचं म्हणून तोच दुपारच्या सुट्टीत नोटा मागायला लागला.

आणि ती पेन्सिलची ओळ. स्थलांतर करणाऱ्या मुलाबरोबर शिक्षण हमी कार्ड जातं, त्यात इयत्ता असते. इयत्तेवरून पुढच्या बाईंना काय कळणार? तुम्ही प्रत्येक कार्डाच्या मागे लिहायला लावलंत: ‘दशक फोडतो. मध्ये शून्य आलं की अडतो. पैशात विचारलं की जमतं.’ गेल्या हंगामात सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेतून बाईंचा फोन आला. म्हणाल्या, मागची ओळ वाचली, शून्यापासूनच सुरुवात केली, अजून काय करू? न बघितलेल्या दोन बाया एका पोराच्या वजाबाकीवर वीस मिनिटं बोललो.

आता कामाचं. आमच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या पुढच्या बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत, केंद्रप्रमुखांनी हातच्याच्या वजाबाकीवर मला तास घ्यायला सांगितलाय. तुमची घडीच्या कागदाची युक्ती मी चोरणार आहे, आधीच सांगून ठेवते. त्यापेक्षा मोठी अडचण अपूर्णांकांची. पाचवीला गेलेल्या आपल्या मुलांना एक अष्टमांश हा एक चतुर्थांशपेक्षा मोठा वाटतोय, कारण आठ मोठा. भाकरीचे तुकडे करून झाले, कागदाच्या पट्ट्याही झाल्या. हातात पट्टी असेपर्यंत बरोबर सांगतात, वहीत गेलं की आठच मोठा. ‘कसं काढलंस’ विचारलं, त्यांनी सांगितलंही, पण पुढची पायरी मला सापडत नाहीये. मुलं कारखान्याला जायच्या आत एखादा शनिवार मोकळा असेल तर कळवा. सकाळची शाळा असते, साडेअकराला सुटते. जेवायला घरीच या.

आपली,
तिसरी-चौथीची बाई