सिस्टर, तुमच्या सल्ल्यासाठी

आदरणीय सिस्टर,

तुम्ही निवृत्त होऊन सेमिनरी हिल्सच्या कॉन्व्हेंटमध्ये राहायला गेलात आणि मुख्याध्यापिकेची खुर्ची माझ्याकडे आली. तेव्हापासून तुमच्याकडून जे मिळत गेलं, त्याचे आभार चारचौघांत मानावेत असं वाटलं. माणसांचे निर्णय ज्यांच्या हातात आहेत, त्या सगळ्यांच्या ते उपयोगाचं आहे.

दहावीत जाणाऱ्या मुलांच्या उन्हाळी तासांचं वेळापत्रक मी तुम्हाला दाखवायला आणलं होतं. वेळ अकरा ते एक. शिक्षकांची संमती होती, फक्त सही बाकी होती. तुम्ही कागद बाजूला ठेवलात आणि विचारलंत, "आयाबाईंशी बोललीस का?"

मग इथ्रोची गोष्ट काढलीत. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात इस्राएली लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडे करत बसतो. त्याचा सासरा सांगतो, अशानं तू थकशील आणि लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर भरवशाची माणसं नेम. मोशे ऐकतो. हा सासरा म्हणजेच इथ्रो, मिद्यानी लोकांचा याजक म्हणजे पुरोहित, इस्राएली नव्हेच. "देवाशी समोरासमोर बोलणाऱ्या मोशेनंही बाहेरच्या माणसाचं ऐकलं," असं तुम्ही म्हणालात. आमच्या आयाबाई दरवर्षी दीक्षाभूमीला जातात. तुम्हाला काय सुचवायचं होतं, ते मला तिथेच कळलं.

संत बेनेडिक्टांनी सहाव्या शतकात मठासाठी नियम लिहिले. महत्त्वाच्या कामात मठाधिपतीनं सगळ्यांना बोलवावं, कारण अधिक चांगलं काय ते देव पुष्कळदा धाकट्याला दाखवतो, असं त्यांचा तिसरा अध्याय सांगतो. तो सांगून तुम्ही मला म्हणालात, "धाकट्यांना आधी बोलू दे. तू शेवटी बोल."

तसंच केलं. आयाबाई म्हणाल्या, "मॅडम, गिट्टीखदानच्या पोरी एक वाजता पायी घरी जातीन." एप्रिलअखेरचं नागपूरचं ऊन, पारा चव्वेचाळीसवर! तास सकाळी सातला ठेवले. दोन शिक्षकांची गैरसोय झाली. त्यांच्याशी मी स्वतः बोलले, कारण "सल्ला सगळ्यांचा घे, पण सही तुझी," हेही तुम्हीच बजावलं होतंत.

आपल्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) पाळकीय मंडळाबद्दलही, म्हणजे फादरांना सल्ला देणाऱ्या मंडळाबद्दलही, मला आता असंच वाटतं. 1983 च्या कॅथलिक चर्च कायदेसंहितेनुसार मंडळाचं मत सल्ल्यापुरतं असतं, म्हणून काहीजण त्याला शोभेचं समजतात. मला ते पटत नाही. निर्णय फादरांचा असला, तरी ऐकून घेण्याची जबाबदारी त्यामुळे वाढतेच. दृढीकरणाच्या (श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराच्या) वेळी पवित्र आत्म्याची सात दानं आपण पाठ केली होती. त्यातलं सुमंत्रणेचं, म्हणजे योग्य सल्ल्याचं, दान मी इतकी वर्षं फक्त देणाऱ्याचं समजत होते. ते घेणाऱ्यालाही लागतं, हे तुमच्यामुळे उमगलं. मनापासून आभार, सिस्टर.

जूनअखेर शाळा उघडेल. पहिली-दुसरीच्या वेळेचा प्रश्न पालकांनी काढला आहे. या वेळी व्हॅनवाल्या काकांनाही बैठकीला बोलावलंय. तुम्ही आलात तर फार बरं वाटेल. तुम्हाला न्यायला मी स्वतः येईन.

तुमची,
तुमच्याच शाळेतली