नवोदितांचे शिबिर म्हणजे निवड चाचणी नव्हे

संपादक महोदय,

एनएचएल या उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीच्या सर्वोच्च लीगमधील संघांच्या, नवोदितांसाठीच्या उन्हाळी शिबिरांची बातमी क्रीडा पानावर येते तेव्हा मथळा बहुधा शेवटच्या दिवशीच्या तीन-विरुद्ध-तीन सामन्याचा असतो. अमक्याने दोन गोल केले, आता संघाचे दार उघडले! हा निष्कर्ष घाईचा आहे. जूनअखेर ड्राफ्ट, म्हणजे संघांनी आळीपाळीने तरुण खेळाडू निवडून घेण्याचा कार्यक्रम, उरकतो आणि पाठोपाठ, जुलैच्या सुरुवातीला, ही शिबिरे भरतात. तिथे हंगामाचा संघ निवडला जात नाही. मुले साधारण १८ ते २३ वर्षांची. कोणी नुकताच ड्राफ्ट झालेला, कोणी विद्यापीठाच्या संघातला, कोणी करार नसताना नुसत्या आमंत्रणावर आलेला. त्यांची खरी पारख सकाळच्या सत्रांत होते. ती सत्रे फोटोत कंटाळवाणी दिसतात, एवढाच त्यांचा दोष.

दिवसाची सुरुवात वजनकाट्यावर होते. रिंकमध्ये, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, गारठा असल्याने अंगावरच्या जाड साहित्याखाली किती घाम गेला ते कळतच नाही. ८० किलोच्या खेळाडूचे दीड किलो वजन घटले, तर दुपारी पाय जड पडलेच म्हणून समजा. म्हणून सत्राच्या आधी आणि नंतर वजन करायचे आणि घटलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर पाणी, थोड्या मिठासह, काही तासांत पोटात जाऊ द्यायचे. एका दमात ढोसून उपयोग नाही.

मग स्केटची, म्हणजे पाते लावलेल्या बुटाची, धार. पात्याच्या तळाला लांबीभर उथळ खोबण असते आणि तिच्या दोन कडा म्हणजे आतली व बाहेरची धार. अर्धा इंच त्रिज्येची खोबण सर्रास चालते. पाच-अष्टमांश इंचाची त्याहून उथळ, कारण त्रिज्या मोठी. खोबण खोल असेल तर वळणावर पकड चांगली मिळते, पण घसरण कमी होते आणि थांबताना पाते बर्फात रुतते. अंगाने भारी खेळाडूंना म्हणूनच बहुधा उथळ खोबण मानवते. दोन्ही धारा समान उंचीच्या नसतील तर एकाच बाजूच्या वळणावर पाय सटकतो आणि खेळाडू उगाच स्वतःच्या तंत्राला दोष देत बसतो. काँक्रीटवर दोन पावले टाकली तरी धारेला दाते पडतात, म्हणून कपडे बदलायच्या खोलीपासून बर्फापर्यंत रबरी चटई अंथरलेली असते.

बर्फावरचे पहिले सत्र साधारण तासा-सव्वा तासाचे, गट पाडून. आधी पकशिवाय (पक म्हणजे खेळातली रबरी चकती) स्केटिंग: एका पायावर आतली धार, मग बाहेरची, नितंब उघडून दोन्ही टाचा समोरासमोर आणत घेतलेली वळणे, मागे जाताना पायावरून पाय टाकणे. सुट्टीत मुले जिममध्ये घाम गाळतात, पण बर्फावर फारशी उतरलेली नसतात. त्यामुळे पहिल्या दोन दिवसांत जांघेचे स्नायू ताणले जाण्याची धास्ती असते. वेगाचा सराव २० ते ३० सेकंदांचा आणि त्याच्या तिप्पट-चौपट विश्रांती, हे गणित चुकले की मुले दमतात, गुडघे सरळ होऊ लागतात आणि मग सराव होतो तो चुकीच्या तंत्राचा.

बचावपटूंचा एक सराव मात्र मुद्दाम पाहावा. प्रशिक्षक पक कोपऱ्यात टाकतो, बचावपटूने मागे जाऊन तो घ्यायचा आणि पाठीवर एक प्रतिस्पर्धी. त्याने किमान दोनदा खांद्यावरून मागे पाहायला हवे: निघताना आणि पकला हात घालण्याच्या ऐन आधी. नवखा एकदाच पाहतो, किंवा पाहताना वेग सोडतो. त्याहून वाईट म्हणजे तो मैदानाभोवतीच्या काच लावलेल्या कठड्याकडे सरळ जातो. पाठ उघडी पडते आणि धक्का बसला तर तोंड काचेवर. तिरकस गेले तर शरीर आड येते आणि सुटण्याच्या दोन वाटा उरतात. प्रशिक्षकांची वही इथे भरते.

गोलरक्षकांचा वर्ग वेगळा चालतो. पक गोलजाळ्याच्या मागे किंवा अगदी बाजूला असताना गोलखांबाकडच्या पायाचा पॅड बर्फावर आडवा टाकून खांबाला चिकटायचे आणि दुसऱ्या पायाने रेटा द्यायचा, हे आज जवळपास सगळेच शिकतात. चूक होते ती वेळेची: लवकर खाली बसले की खांबाजवळचा वरचा कोपरा मोकळा.

आता तो तीन-विरुद्ध-तीन. मैदान एनएचएलचेच, २०० बाय ८५ फूट, खेळाडू मात्र निम्म्याच्या आसपास आणि अंगावर जाऊन धडक देणे जवळपास नाही. इतक्या मोकळ्या बर्फावर चपळ मुलगा गोल करणारच. नेहमीच्या पाच-विरुद्ध-पाच खेळात गोलसमोर ढकलाढकली सोसून पक राखतो का, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

सुरक्षेबद्दलही बातमीत चार ओळी हव्यात. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी इंग्लंडमधील शेफील्डच्या सामन्यात गळ्याला स्केटचे पाते लागून ॲडम जॉन्सन या खेळाडूचा मृत्यू झाला. त्यानंतर एएचएल या एनएचएलच्या खालच्या लीगने २०२४-२५ पासून मानेचे संरक्षक कवच सक्तीचे केले. एनएचएलमध्ये २०२६-२७ पासून नव्याने येणाऱ्यांना ते घालावे लागेल. गळ्याशी घट्ट पट्टा नकोसा वाटतो, म्हणून त्याची सवय शिबिरातच लावलेली बरी.

एक सूचना करतो. खेळाडूच्या नावापुढे तो ड्राफ्ट झालेला आहे की आमंत्रित, आणि त्याचा करार झाला आहे की नाही, एवढे छापावे. आमंत्रित खेळाडूसाठी शिबिर म्हणजे करार मिळवण्याची संधी असते, ड्राफ्ट झालेल्याला मात्र उन्हाळाभराचा अभ्यास देऊन घरी पाठवतात. त्याचा निकाल सप्टेंबरमध्ये नवोदितांच्या पुढच्या शिबिरात कळतो, कारण तिथे धडक द्यायला मोकळीक असते. वार्ताहर पाठवायचाच असेल तर तेव्हा पाठवावा.

आपला,
एक नियमित वाचक