डाउन पेमेंटसाठीही कर्ज?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घर घ्यायचं ठरलं की दोन प्रश्न पुढे येतात. हातात किती आहे, आणि पगारावर किती कर्ज मिळेल? या दोन्हींचा हिशेब वेगवेगळा आहे असं धरून अनेक जण चालतात आणि तिथेच फसतात.

गेल्या वर्षी भाचीबरोबर बँकेत गेलो होतो. किमतीचा पाचवा हिस्सा, म्हणजे डाउन पेमेंट, स्वतःचा भरायचा होता. थोडे कमी पडत होते, म्हणून तिने आधीच वैयक्तिक कर्ज उचललं होतं. रक्कम पुरी झाली, त्यामुळे ती निश्चिंत होती. कर्ज विभागातल्या बाईंनी तिचं बँक स्टेटमेंट उघडलं, नव्या हप्त्याभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि कॅल्क्युलेटर आमच्याकडे वळवला. गृहकर्जाची पात्रता एकदम खाली आली होती. "मामा, मग मी ते कर्ज काढलंच कशाला?" भाचीने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घरी येऊन आकडेमोड केली. १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी १ लाख उचलले, तर महिन्याचा हप्ता साधारण २,२२४ बसतो. तेवढ्याच हप्त्यात ९ टक्क्यांचं, वीस वर्षांचं गृहकर्ज जवळजवळ अडीच लाखांचं मिळतं. बँक सगळ्या हप्त्यांसाठी मिळून पगाराचा ठरावीक भागच धरते. म्हणजे एक लाख जमवायला गेलो आणि अडीच लाखांची पात्रता घालवून बसलो! मोबाइलचे, गाडीचे हप्तेही त्याच भागातून वजा होतात.

हाती मोठी रक्कम असली तरी नियमित उत्पन्न कागदावर दिसत नसेल, तर अडचण आहेच. हप्ता शेवटी महिन्याच्या कमाईतून जायचा असतो. आणि स्वतःचे पैसे घालायला लावतात, ते घराची किंमत घसरली तर कर्ज घराच्या किमतीपेक्षा मोठं होऊ नये म्हणून. २००८ पूर्वी अमेरिकेत उत्पन्न न तपासता, खरेदीदाराचे जवळपास काहीच पैसे न घेता कर्जं वाटली गेली. किमती कोसळल्यावर लाखो कुटुंबांची घरं गेली. त्यामुळे बँकेची ही अट मला जाचक वाटत नाही.

पण भाडं भरता भरता पाचवा हिस्सा साठवणं फार अवघड असतं, हेही तितकंच खरं. म्हणूनच माणसं असं कर्ज उचलतात. त्यांना बेफिकीर म्हणणं अन्यायाचं आहे. त्यांना वेळेवर कुणी सांगत नाही, एवढंच. बँकांच्या जाहिरातींत 'तुमचा पगार भरा, पात्रता बघा' असं असतं. त्याच चौकटीत 'डाउन पेमेंटसाठी कर्ज काढलंय का?' असा एक रकाना ठेवावा आणि त्याने पात्रता किती घटते ते तिथेच दाखवावं, अशी माझी सर्व बँकांना कळकळीची विनंती आहे. भाचीने आधी ते वैयक्तिक कर्ज फेडायला घेतलं आहे. घराचं त्यानंतर बघणार आहे.

आपला,
एक वाचक