गाडी धडधाकट, पण बोर्ड मिळेना : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय परिवहन मंत्री,
सादर नमस्कार.

गाड्यांचे ईसीएम (इंजिनाचं काम सांभाळणारा छोटा संगणक) आणि इतर कंट्रोल युनिट दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय. इंजिन ठणठणीत, गिअरबॉक्स शाबूत, पत्र्याला गंज नाही, आणि तरीही मालक गाडी भंगारात काढायला निघालेला, हे मी वारंवार पाहतो. तळहाताएवढा एक सर्किट बोर्ड गेलेला असतो आणि तो बोर्ड कंपनीने बनवणं थांबवलेलं असतं. याबाबत नियम करावा, एवढ्यासाठी हे पत्र.

चिपला माझा विरोध नाही. ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी एबीएस, एअरबॅग आणि घसरती गाडी सावरणारी ईएससी यांनी किती जीव वाचवले, हे या धंद्यातल्या कुणाला सांगावं लागत नाही. आज एका गाडीत हजाराहून जास्त चिप असू शकतात. प्रश्न या चिप गाडीइतक्या टिकतील का आणि बिघडल्यावर दुसऱ्या मिळतील का, हा आहे.

बॉनेटखालच्या चिप सहसा उणे ४० ते १२५ अंश सेल्सिअसपर्यंत चालतील अशा तपासून घेतलेल्या असतात, म्हणून त्या फारशा दगा देत नाहीत. बिघडतं ते आजूबाजूचं. रोज तापून थंड होताना सोल्डरच्या जोडाला बारीक चीर जाते, कपॅसिटर सुकतो, कनेक्टरमध्ये पाणी शिरून पिना हिरव्या पडतात. हे कुशल हाताने दुरुस्त होतं. माहिती साठवणाऱ्या फ्लॅश मेमरी चिपचं तसं नाही. तिच्यावर ठरावीक वेळाच लिहिता-पुसता येतं, मग ती संपते.

याचं जगजाहीर उदाहरण आहे. टेस्लाच्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्स या गाड्यांमध्ये ८ जीबीची अशी मेमरी होती. गाडी सतत नोंदी लिहीत राहिल्याने ती झिजली, आणि मधला स्क्रीन बंद पडला की मागचा कॅमेरा आणि काचेवरचं धुकं घालवण्याचं नियंत्रणही जायचं. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा यंत्रणेच्या सांगण्यावरून २०२१ मध्ये सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. असे भाग गाडीच्या संपूर्ण आयुष्यभर टिकावेत ही अपेक्षा आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नाही, असं कंपनीचं तेव्हा म्हणणं होतं. महोदय, ते खरं मानलं तरी असा भाग बदलून मिळण्याची सोय पहिल्या दिवसापासून असायला हवी. ती सक्ती करणं तुमच्याच हातात आहे.

ही सोय आपोआप होत नाही. २०२० मध्ये गाड्यांचा खप पडला म्हणून कंपन्यांनी चिपच्या ऑर्डर रद्द केल्या आणि कारखाने लॅपटॉप-फोनच्या चिपकडे वळले. पुढच्या वर्षी मार्चमध्ये जपानमधल्या रेनेसास या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या नाका कारखान्याला आग लागली आणि टंचाई आणखी वाढली. साध्या, जुन्या धाटणीच्या चिपअभावी नव्या गाड्या अर्धवट उभ्या राहिल्या. नव्या गाडीची ही गत, तर दहा वर्षं जुन्या गाडीच्या सुट्या भागासाठी कोण धावपळ करणार?

मग भंगारातल्या गाडीचा चांगला बोर्ड काढून लावावा, तर तोही अनेकदा चालत नाही. बोर्डाच्या मेमरीत मूळ गाडीचा क्रमांक नोंदवलेला असतो, आणि दुसऱ्या गाडीत तो जुळवून घ्यायला कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागते. माझ्या मते सगळ्यात मोठा अन्याय इथे आहे. भाग आहे, तो लावणारा माणूस आहे, अडलंय ते फक्त कुलूप.

चोरी रोखण्यासाठी हे कुलूप हवं, असं कंपन्या म्हणतात. मुद्दा रास्त आहे आणि त्यावर उपायही आहे. युरोपीय संघात चोरीविरोधी यंत्रणेशी संबंधित कामासाठी स्वतंत्र मेकॅनिकची पडताळणी होते, त्याला मान्यता मिळते आणि मग कंपनीला ती माहिती द्यावी लागते. कुणी कोणत्या गाडीचं काम केलं याची नोंद राहते. कुलूपही राहतं आणि दुरुस्तीही होते.

म्हणून माझी मागणी अशी. गाडीच्या नव्या मॉडेलला मान्यता देतानाच, उत्पादन थांबल्यापासून किमान १५ वर्षं कंट्रोल युनिट आणि सॉफ्टवेअरच्या सुरक्षा दुरुस्त्या पुरवण्याचं बंधन कंपनीवर घाला. ते जमत नसेल, तर सर्किटचे नकाशे आणि जुळवणीचं सॉफ्टवेअर मान्यताप्राप्त दुरुस्तीदारांना खुलं करावं. झिजणारी मेमरी बोर्डावर कायमची न बसवता सुटी, बदलता येईल अशी द्यावी. यातली शेवटची अट सर्वांत स्वस्त आहे, ती आधी लागू केली तरी पुष्कळ गाड्या वाचतील.

या नियमांचा मसुदा करायला समिती नेमाल तेव्हा कंपन्यांच्या अभियंत्यांबरोबर स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांनाही बोलवा. कोणत्या बोर्डात नेमकं काय जातं, हे आम्ही बोर्ड उघडून दाखवू.

आपला,
गाड्यांचे कंट्रोल युनिट दुरुस्त करणारा एक कारागीर