दिवसा जागणारं घुबड

न्यूबरीपोर्ट, मॅसॅच्युसेट्स
९ फेब्रुवारी

प्रिय अनंता,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. "हिमघुबड दिसलं का ते आधी सांग, ख्यालीखुशाली मागाहून" असं तू लिहिलंस, त्यामुळे रिकाम्या हाताने उत्तर लिहायला बसवेना. आज दिसलं! घरी जायचाही धीर धरवला नाही, गावातल्याच एका कॉफीच्या दुकानात बसून लिहितोय. बोटं अजून आखडलेली आहेत, तेव्हा अक्षर गोड मानून घे.

जागा कशी आहे ते सांगतो. प्लम आयलंड हे लांबट, अरुंद बेट. एका अंगाला अटलांटिक, दुसऱ्या अंगाला खाजण. बेटाचा दक्षिणेकडचा मोठा भाग म्हणजे पार्कर रिव्हर अभयारण्य. १९४१ साली स्थलांतरित पक्ष्यांसाठी केंद्र सरकारने राखलेलं, सुमारे ४,७०० एकरांचं. त्याच्या पार शेंड्याला सँडी पॉइंट हे राज्य सरकारचं ७७ एकरांचं उद्यान. तिकडे जायला रस्ता एकच, तोही अभयारण्याच्या पोटातून जाणारा, शेवटी शेवटी कच्चा. माझ्याकडे डक स्टॅम्प असतो, त्यावर आत सोडतात. १९३४ पासून बदकांच्या शिकाऱ्यांना घ्यावं लागणारं हे बदकाच्या चित्राचं तिकीट. त्याचे पैसे पाणथळ जमिनी विकत घेऊन राखायला जातात, म्हणून बंदूक कधी हातात न धरलेला मीही ते दरवर्षी घेतो.

खाजण म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढे तिवरं आली असतील. इथल्या थंडीत तिवर जगत नाही. त्याच्या जागी नुसतं गवत, नजर पोचेल तिथवर, या दिवसांत वाळून साळीच्या पेंढ्यासारखं झालेलं. भरती येते तशी खाडीवरचं बर्फ उचलते, फोडते आणि ओहोटीला त्याच्या लाद्या गवतावर टाकून जाते. एका लादीपाशी मी वाकून पाहिलं. वीतभर जाड, आणि खालच्या अंगाला काळा चिखल मुळांसकट गोठून चिकटलेला. वितळली की तो चिखल तिथेच राहणार. खाजण असंही वाढतं, हे मला इथे येऊन कळलं.

पूर्वी इथले शेतकरी हे खारं गवत कापून गुरांना घालायचे. चिखलात लाकडी खुंट्यांचं रिंगण ठोकून त्यावर गंजी रचायची, म्हणजे भरतीचं पाणी खालून निघून जाई. मग थंडीत जमीन गोठून टणक झाली की घसरगाड्यांवरून गंजी घरी न्यायची. तुझ्या आजोबांना ही युक्ती दाखवायला हवी होती.

आता घुबड. सकाळी उणे नऊ होतं, वारा तोंडावर सपासप लागत होता. रस्त्याकडेला दोनतीन माणसं स्कोप, म्हणजे तिवईवरची दुर्बीण, लावून गप्प उभी दिसली, तेव्हाच छातीत धडधडलं. वाळूच्या टेकडीवर, पांढऱ्या दगडासारखं ते बसलेलं. अंगभर तपकिरी पट्टे होते, म्हणजे बहुधा पहिल्याच वर्षाची मादी. नर जसजसा जुना होतो तसतसा पांढरा होत जातो. स्कोपमधून पाय दिसले, बोटांच्या टोकांपर्यंत पिसांनी झाकलेले, त्यातून नखांची नुसती काळी टोकं बाहेर. वाऱ्याने छातीवरची पिसं उलटी होत होती आणि ती डोळ्यांच्या दोन बारीक फटी करून बसली होती.

आपण घुबडाला दिवाभीत म्हणतो. हिला ते नाव लागूच पडत नाही. हिचं माहेर उत्तर ध्रुवाकडचं टुंड्रा, म्हणजे झाडं नसलेला गोठलेला माळ, तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. अंधाराची वाट बघायची तर पिल्लं उपाशी राहतील. ही घुबडं दक्षिणेकडे येतात ती भुकेपोटी, असं मी समजत होतो. पण २०१३ च्या हिवाळ्यात ती झुंडीने आली तेव्हा अभ्यासकांना पुष्कळशी चांगली धष्टपुष्ट आढळली. लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी माजले की घरट्यांत पिल्लं जास्त वाचतात, आणि मग थंडीत ती दूरवर पसरतात. बॉस्टनचा विमानतळही त्यांना टुंड्रासारखाच सपाट, मोकळा वाटतो. तिथे उतरलेली घुबडं नॉर्मन स्मिथ नावाचे गृहस्थ १९८१ पासून पकडून, पायात कडी घालून सुरक्षित जागी सोडत आले आहेत.

गेल्या वर्षीची एक गोष्ट तुला लिहिली नव्हती. तेव्हाही मला घुबड दिसलं होतं. फोटोच्या हव्यासाने दोरी ओलांडून मी पुढे सरकत गेलो, आणि ते उडालं. दूर जाऊन बसलं, तिथेही माझ्यामागून आणखी दोघं पोचले, पुन्हा उडालं. शेवटी कावळे त्याच्या मागे लागले आणि ते खाजणापलीकडे दिसेनासं झालं. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर कासवी अंडी घालत असताना तू माझ्या हातातला टॉर्च विझवला होतास, ते मला तिथे उभ्या उभ्या आठवलं. फार लाज वाटली. तुला सांगायचं धाडस आज झालं.

या खेपेला मी रस्त्यावरून हललो नाही. दोन तास. पाय बधिर झाले. केव्हातरी तिने मान लांबवली, चोच उघडली, दोनदा आवंढा गिळल्यासारखं केलं आणि न पचलेल्या हाडांची-केसांची काळी गोळी वाळूवर टाकली. मग अंग झाडून पुन्हा डोळे मिटले. आपण तिथे आहोत हे तिला जाणवतही नव्हतं, याचा मला जो आनंद झाला तो तुलाच कळेल.

नंतर सँडी पॉइंटला गेलो. पुळणीवर जांभळट रेघा उमटल्या होत्या, गार्नेट या खनिजाच्या कणांच्या. आपल्याकडे रत्नागिरीला इल्मेनाइट खनिजाच्या काळ्या रेघा उमटतात, तशाच. अभयारण्याची पुळण १ एप्रिलपासून बंद होईल, पायपिंग प्लोव्हर हे चिमुकले पक्षी उघड्या वाळूवरच अंडी घालतात म्हणून. तुमच्याकडे तोवर कासवांची पिल्लं समुद्रात जाऊ लागली असतील. यंदा किती घरटी झाली, ते सविस्तर लिही. आई कशा आहेत?

चिमूटभर ती जांभळी वाळू पाठवावीशी वाटली होती, पण तिथून काही उचलायचं नसतं. फोटो पाठवतोय. रस्त्यावरूनच काढलाय. उजवीकडे मोडक्या कुंपणाचा तिसरा खांब दिसतो ना, त्याच्या वर टेकडीवर पांढरा ठिपका आहे, तीच ती.

तुझा,
वसंत