एकाच बॅगेत

ता. दर्यापूर, जि. अमरावती
१९ ऑगस्ट

चि. छोटीस अनेक आशीर्वाद.

तू पोचलीस हे तुझ्या दोन शब्दांच्या मेसेजवरून कळलं. परवा रविवारी फोनवर बॅगेवरून आधी माझा आवाज चढला, मग तुझा, आणि तू फोन ठेवून दिलास. तुझ्या आईने संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलणं टाकलं. म्हणे, "पोरीले जाऊन आठ दिस नाही झाले अन् तुमी सुरू." तिचं खरं आहे. म्हणून आज कागद घेतला. कागदावर आवाज चढत नाही, आणि वाचणाऱ्याला तो मधेच कट करता येत नाही.

आधी घरचं. पोळा तीन दिवसांवर आलाय. बैल जाऊन सहा वर्षं झाली तरी आई पुरणाची डाळ काढून बसली आहे. पऱ्हाटी कमरेला लागली. मोठ्या आईचे टाके निघाले, आता भिंत धरून अंगणात येते. दादाचं ते प्रकरण मिटलं, कसं मिटलं ते तोच सांगेल. धुऱ्याचं भांडण जिथल्या तिथे आहे.

बॅगेविषयी काही लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

पण मूर्तिजापूर स्टेशन डोळ्यांसमोरून जात नाही. महाराष्ट्र एक्सप्रेसला वीस मिनिटं होती. तू बाकावर बसून लॅपटॉप बॅगेत घातलास, आणि मग त्याच कप्प्यात, त्याच चेनच्या आत, ती काळी हार्ड डिस्क सरकवलीस. वायर नीट गुंडाळून वर ठेवलीस. चेन ओढली, बॅगेवर थाप मारली आणि म्हणालीस, "बॅकअप आहे बाबा." तेव्हाच बोलणार होतो. गाडी आली, तुझा डबा पार पुढे लागला, आपण दोघं पळालो आणि ते राहून गेलं. घरी परतताना मोटरसायकलवर सगळा रस्ता एकच हिशेब चालू होता. बॅग एक. उचलणाऱ्याला हातही एकच लागतो.

तीन वर्षं, ४६ विहिरींच्या पाण्याची मोजमापं. मी पदवीवाला नाही, पण एवढं मला कळतं की लॅपटॉप पुन्हा विकत घेता येतो, गेल्या मे महिन्यातलं पाणी पुन्हा मोजता येत नाही. ते पाणी गेलं. त्यावर एक पावसाळा पडून गेला.

आठवतं का, पहिल्या वर्षी आपण विहिरी मोजायला निघालो तेव्हा उन्हाने खारेपणा मोजायचं मीटरच बंद पडलं होतं. तू त्याला ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून पळसाखाली घेऊन बसलीस, आजारी लेकरासारखं. तू दोर सोडून खोली सांगायचीस, बादलीतल्या पाण्यात मीटर बुडवून आकडा सांगायचीस, मी वहीत लिहायचो, आणि माझा एक आणि नऊ सारखा दिसतो म्हणून माझ्यावर ओरडायचीस. वावरातला तो म्हातारा म्हणाला होता, "पाणी खारं हाय हे सांगाले मशीन कायले पायजे बाई, जीभ नाही का?" तू त्याला अर्धा तास समजावलंस की खारं तर सगळ्यांनाच माहीत आहे, किती खारं आणि दरवर्षी किती वाढतंय हे जिभेला कळत नाही. तो ऐकत होता. मी बाजूला गाडी पुसत होतो. पुसण्यासारखं काही नव्हतं गाडीवर. पूर्णेच्या काठच्या या खारपाणपट्ट्यात आपल्या चार पिढ्या विहिरीत पाणी असून तहानलेल्या राहिल्या, आणि माझी पोरगी त्याचा हिशेब मांडते आहे, हे त्या दिवशी मला एकदम दिसलं. तुला सांगितलं नाही. अशा गोष्टी वेळेवर सांगायच्या असतात म्हणतात.

तर तो सगळा हिशेब एका बॅगेत आहे.

तू परवा म्हणालीस, "तुमचं दुकान जळलं म्हणून सगळ्यांचं जळत नाही." लागलं मला. पण तुला त्यातलं निम्मंच माहीत आहे, तू तेव्हा होस्टेलवर होतीस, म्हणून उरलेलं लिहितो.

२०१२ च्या जूनमध्ये मुंबईत मंत्रालयाला आग लागली. मी माझ्या फोटो स्टुडिओत टीव्हीवर बघत होतो. फायली जळाल्याच्या बातम्या येत होत्या, आणि मी तिथे बसलेल्या गिऱ्हाइकाला मोठ्या तोंडाने म्हणालो, सरकारजवळ दुसरी प्रत नाही म्हणजे काय! माझ्याकडे बघा, प्रत्येक लग्न दोन ठिकाणी. एक कॉम्प्युटरवर, एक हार्ड डिस्कवर. ती हार्ड डिस्क कुठे होती? त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. चार वर्षांनी शेजारच्या दुकानात शॉर्टसर्किट झालं. आग आमच्याकडे आली तेव्हा तिने टेबल आणि ड्रॉवर वेगळे धरले नाहीत. दोन ठिकाणं म्हणत होतो, ती एकाच ठिकाणाची दोन नावं निघाली. अकरा वर्षांची लग्नं, बारशी, शाळेची गॅदरिंगं गेली.

लोक भले होते. भांडायला फार कोणी आलं नाही. पण एक मुलगी आली, कडेवर वर्षाचं पोर. तिचं लग्न मी शूट केलं होतं. तिचे वडील महिनाभरापूर्वी गेले होते, आणि त्यांचा चांगला फोटो म्हणावा असा एकच, कन्यादानाच्या वेळचा. अल्बम सासरी होता, तोही घर गळून भिजला होता. तिने फक्त विचारलं, "दादा, एखादा असंल ना कुठं?" मी नाही म्हणालो. ती गेल्यावर मला आठवलं की अल्बमचं डिझाइन अकोल्याला करून घेतलं होतं. तिथल्या पोराला फोन केला. त्याने दोन दिवस शोधाशोध केली, आणि त्याच्या खोक्यात माझा एक पेन ड्राइव्ह निघाला, मी परत न्यायला विसरलेला. तिच्या लग्नाचे निवडलेले साठ फोटो त्यात होते. कन्यादानाचा होता.

अकरा वर्षांतलं वाचलं ते एवढंच. ते माझ्या व्यवस्थेमुळे वाचलं नाही, विसरभोळेपणामुळे वाचलं. दुसऱ्या गावात पडून होतं म्हणून वाचलं.

त्यानंतर मी हे शिकलो. आमच्या धंद्यात एक नियम आहे, पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने तो रूढ केला: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. पहिले दोन आकडे लोक लगेच पाळतात, तिसऱ्यासाठी उठून कुठेतरी जावं लागतं ना! मी आता दोन डिस्क आलटून पालटून वापरतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी एक परतवाड्याला आत्याच्या कपाटात जाते आणि तिथली परत येते. आत्या तिला 'तुझं सोनं' म्हणते आणि खरोखर लुगड्यांच्या घडीत ठेवते. मी नेटवरूनही पाठवून पाहिलं होतं. एका लग्नाचा डेटा २०० जीबी, आपल्याकडे अपलोड मिळतो ५ एमबीपीएस, तोही लाइन असली तर. हिशेब केला, सलग पावणेचार दिवस. तेवढ्यात नवरी माहेरपणाला येऊन परत जाते. तुझं तसं नाही. तुझ्या एक्सेलच्या फायली आणि विहिरींचे फोटो मिळून सात-आठ जीबी असतील. पुण्याच्या नेटवर ते एका रात्रीत चढेल.

तू म्हणशील, चढलेलंच आहे, गूगल ड्राइव्हवर आहे. छोटे, मी तुझ्या लॅपटॉपला हात लावला नाही, पण राखीच्या दिवशी तू दादाला फोटो दाखवत होतीस तेव्हा कोपऱ्यात जागा संपल्याची सूचना मला दिसली. फुकटची जागा १५ जीबी, त्यात मेल आणि मोबाइलचे फोटोही मोजले जातात. ती भरली की नवीन फाइल वर जाणं थांबतं. तू म्हणतेस आहे, आणि ते कधीपर्यंतचं आहे हे तू बघितलं आहेस का?

आणि दुसरं, फाइल दोन्हीकडे सारखी राहणं म्हणजे बॅकअप नव्हे. इथे चुकून उडवलीस तर तिथूनही उडते. तीस दिवस कचऱ्याच्या डब्यात राहते, मग गेली. एका रकान्यात चुकीचे आकडे बसले तर तिथेही इमानदारीने चुकीचेच बसतात. म्हणून दर महिन्याची प्रत तारीख टाकून वेगळी ठेवायची, आणि तिला नंतर हात लावायचा नाही.

वाचून पाहिलं वर. परवा ज्यासाठी फोन ठेवलास तेच सगळं मी पुन्हा लिहिलं आहे. चुकलं माझं. तू हे माझ्यापेक्षा जास्त शिकलीस. पण लिहिलेलं खोडत नाही, शाई चांगली लागली आहे.

अप्पांचं सांगतो, ते तरी भाषण वाटणार नाही. अप्पा रिद्धपूरच्या वारीला मला न्यायचे, मी आठ-नऊ वर्षांचा असेन. तिथे ओट्यावर बसून सांगायचे की म्हाइंभटांनी चक्रधर स्वामींच्या लीळा माणसामाणसाला विचारून इथे गोळा केल्या. मग परचक्र आलं आणि मूळ पोथी त्या धावपळीत गेली. पुढे शिष्यांनी ज्याला जे आठवलं त्यावरून लीळाचरित्र पुन्हा लिहिलं, म्हणून त्याचे पाठ वेगवेगळे. मी विचारलं, यातलं खरं कोणतं? अप्पा म्हणाले, "ज्यानं जसं जपलं तसं खरं." लहानपणी मला ते फार थोर वाटायचं. आता मला वाटतं, पोथीची एक नक्कल तेव्हाच दुसऱ्या गावी असती तर? अप्पांनी हे ऐकलं असतं तर दोन दिवस बोलले नसते माझ्याशी.

महानुभाव पंथातल्या लोकांनी पुढे पोथ्या सकळ लिपीत लिहिल्या, सांकेतिक अक्षरांत. जपल्या छान. इतक्या छान की विसाव्या शतकापर्यंत बाहेरच्या कुणाला त्या वाचता येत नव्हत्या. यावरून आठवलं, तुझा पासवर्ड. तो कुणाला तरी ठाऊक असू दे. आणि खात्यात शिरताना कोड येतो तुझ्या मोबाइलवर, मोबाइल असतो बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात. बॅग गेली की लॅपटॉप गेला, डिस्क गेली, आणि वर ठेवलेल्या प्रतीची किल्लीही गेली. गूगल त्यासाठी दहा कोड देतं, एकेकदा वापरायचे. ते कागदावर लिहून पाकीट चिकटवून पाठव. आईच्या मंगळसूत्राच्या डबीत राहील. मी उघडणार नाही. आई तर नाहीच उघडणार, तिला आकडे आवडत नाहीत.

शेवटचं एकच, मग थांबतो. प्रत ठेवली तरी ती उघडून बघायची. आपण पेरणीआधी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो ना, सत्तर उगवले तर बियाणं घ्यायचं. पोत्यावरचं लेबल बघून कुणी पेरत नाही. तसं महिन्यातून एकदा त्या प्रतीतली कोणतीही एक विहीर काढ आणि उघडते का बघ. मी एकदा आत्याकडची डिस्क वर्षभराने लावली तर नुसती टकटक वाजली. आत काहीच दिसेना. वर्षभर लुगड्यांत मी काय जपत होतो देव जाणे.

आता एक कबूल करायचं आहे. रागावू नकोस, किंवा रागाव, पण फोन उचल. मेमध्ये तू आली होतीस तेव्हा दुपारी झोपलेली असताना मी तुझ्या तिन्ही वह्यांचे फोटो काढले. पान न् पान, स्टँड लावून, खिडकीच्या उजेडात. १८४ पानं. विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तू "बाबा, पुन्हा तेच" म्हणाली असतीस. ते फोटो परतवाड्याला आहेत, लुगड्यांच्या घडीत, आणि त्यानंतर मी दोनदा उघडून पाहिलेत. म्हणजे मेपर्यंतचं पाणी तिथे आहे. माझे एक आणि नऊ मात्र तुलाच लावून घ्यावे लागतील.

जूननंतरचं फक्त तुझ्या बॅगेत आहे.

आणि हो, तुझा दोर इथेच राहिला, मीटर-मीटरवर लाल कापड बांधलेला. खुंटीला टांगून ठेवलाय. ऑक्टोबरचं मोजमाप घ्यायला तू येणार आहेस की मी आणि दादाने सुरुवात करून ठेवायची? नाल्याकडच्या सात विहिरींची वाट ऑक्टोबरातही चिखलाचीच असते, तिथे तुला एकटीला जाऊ देणार नाही. तेवढं कळव.

तुझा,
बाबा

ता. क. आई म्हणते, जेवण टायमावर करत जाय. आणि ती हार्ड डिस्क निदान मैत्रिणीच्या खोलीवर तरी ठेव, हे मी म्हणतो.